वकील फुकट मिळतो, पण नियमच आडवा आला तर?

पन्नीत गुंडाळलेले कागद घेऊन ती तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीच्या खोलीत आली. सातबारा, आठ-अ, नवऱ्याचा मृत्यू दाखला, पंचनाम्याची झेरॉक्स आणि तहसीलमधून आलेलं एका ओळीचं पत्र: प्रकरण अपात्र. नवऱ्याने आत्महत्या केली त्याला वर्ष उलटून गेलं होतं. "म्या काही भीक नाही मागत बाप्पा," ती म्हणाली. "पण अपात्र कोन हाय, थो का मी, येवढं तरी सांगा."

ही हकिकत एकीची नाही. यवतमाळ जिल्ह्यात विधी सेवेच्या पॅनेलवरची वकील म्हणून काम करताना भेटलेल्या तीन-चार जणींची मी एकत्र करून सांगते आहे, कोणाचीही ओळख कळू नये म्हणून. कागद मात्र सगळ्यांच्या पन्नीत जवळपास तेच असतात.

शेतकरी आत्महत्येनंतर राज्य सरकार वारसांना १ लाख रुपयांची मदत देतं. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. ती कोणाला द्यायची, याची मोजपट्टी २००६ च्या शासन निर्णयाने ठरवली. कर्ज राष्ट्रीयकृत किंवा सहकारी बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते फेडता आलेलं नसावं आणि वसुलीचा तगादा मागे असावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती कागद बघून पात्र की अपात्र ते ठरवते.

तिच्या घरी वावर होतं सासऱ्याच्या नावावर. नवऱ्याच्या नावावर काहीच नाही, म्हणून बँकेने त्याला पीककर्ज दिलं नाही. पेरणी तोंडावर आली तेव्हा त्याने गावातल्या बिनपरवान्याच्या सावकाराचे पाय धरले. सावकाराने कर्जाची चिठ्ठी लिहिली नाही. सासऱ्याकडून दोन एकरांचं खरेदीखत करून घेतलं, रीतसर नोंदणी करून. पैसे फेडले की वावर परत, हे फक्त तोंडी ठरलं. दोन हंगाम गेले, कापूस पदरात पडला नाही. नवरा गेला, मागोमाग सासरा गेला.

आता कागद काय सांगतात ते बघा. मदतीच्या समितीपुढे कर्ज नाहीच, कारण परवाना नसलेल्या सावकाराचं कर्ज मोजपट्टीत बसत नाही. निबंधकाच्या दप्तरात वावर गहाण नाही, विकलेलं आहे. एकाच उधारीने तिचं वावरही नेलं आणि मदतही.

तिला वकील मिळाला. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्री, बालक, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग, कोठडीतला किंवा तुरुंगातला माणूस, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तिला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्राची रांगही लावावी लागली नाही. कोर्ट फी, टायपिंग, नकला, सगळं समितीकडून.

पण मदतीच्या बाबतीत मी तिच्यासाठी करू काय? समितीने नियम मोडला असता तर मी नागपूर खंडपीठात गेले असते. समितीने नियम पाळला होता. नियमातच तिच्यासाठी जागा नव्हती. एका पक्षकाराचं काम तिथे संपतं आणि विधी सेवेचं दुसरं काम सुरू होतं. तीच नड दहा पन्न्यांतून बाहेर पडायला लागली, की ती सरकारपुढे नेऊन नियम बदलून घ्यायचा. या दुसऱ्या कामाबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, म्हणून हा लेख.

मोफत वकील तरी कुठून आला

राज्यघटनेत कलम ३९-अ आलं ते १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने. पैसा नाही किंवा दुसरी काही अडचण आहे म्हणून कोणाला न्याय नाकारला जाऊ नये, राज्याने मोफत कायदेशीर मदत पुरवावी, असं ते सांगतं. त्याआधी १९७३ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीने अहवाल दिला होता. नंतर न्यायमूर्ती भगवती यांनी हाच विषय लावून धरला. १९७८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कैद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कैद्याला निकालाची प्रत फुकट मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकील राज्याच्या खर्चाने मिळाला पाहिजे. त्या माणसाला निकालाची प्रतच वेळेवर पोहोचली नव्हती आणि अपिलाला काही वर्षांचा उशीर झाला होता. विधी सेवा प्राधिकरण कायदा संसदेने १९८७ मध्ये केला, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. मधली आठ वर्षं तो कागदावर होता.

म्हणजे आज तालुक्याच्या कोर्टात जी खोली आहे, तीच मुळी कोणीतरी सरकारच्या मागे लागल्यामुळे उभी आहे.

या कायद्याने प्राधिकरणांना वकील पुरवण्यापलीकडचं कामही दिलं आहे. कलम ४ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाच्या कामांच्या यादीत दुर्बल घटकांच्या प्रश्नांवर सामाजिक न्यायाची न्यायालयीन प्रकरणं दाखल करणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे नालसाने, तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी स्वतः सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १५ एप्रिल २०१४ ला निकाल आला आणि स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य झाला. पुढे २०१९ मध्ये संसदेने कायदा केला. त्या कायद्यावर या समाजाचे आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत असं मला वाटतं. तरी मुद्दा हा, की सरकारी पैशावर चालणारी विधी सेवा संस्था सरकारलाच प्रतिवादी करून उभी राहिली होती.

नड नेमकी कुठं बसलीय

"कायदा बदलला पाहिजे" असं आपण सरसकट म्हणतो. पण लोकांना अडवणारी गोष्ट बऱ्याचदा कायद्यात नसतेच. कागदाचे थर असतात. सगळ्यात वर कायदा. तो संसद किंवा विधिमंडळच बदलू शकतं. त्याखाली नियम, ते कायद्याने दिलेल्या अधिकारात विभाग करतो आणि सभागृहापुढे ठेवतो. त्याखाली शासन निर्णय, आपला जीआर. तो मंत्रालयातल्या विभागातून निघतो, त्याला विधानसभेत मतदान लागत नाही. मग परिपत्रक. आणि सगळ्यात खाली खिडकीवरची रीत, जी कुठेच लिहिलेली नसते. पटवारी म्हणतो "असं चालत नाही", आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालत नाही.

रितीचं उदाहरण गडचिरोलीतलं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जंगलातल्या बांबूवर गावाची मालकी आली. पण बांबू तोडून विकायला नेण्यासाठी वाहतूक पास लागतो, आणि ते पासबुक वनखात्याकडे. कायद्याने दिलेला हक्क पासबुकाशी येऊन थांबला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि पासबुक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं, तेव्हा बांबू हलला. कायद्यातला एक शब्दही त्यासाठी बदलावा लागला नाही.

त्याच वनहक्क कायद्यात दुसरी नड मात्र थेट कायद्याच्या शब्दांत होती. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे जातो, तिथून जिल्हास्तरीय समितीकडे, आणि जिल्ह्याचा निर्णय अंतिम. दावा फेटाळला तर दाद मागायला उच्च न्यायालयच, म्हणजे भामरागडहून नागपूर. मे २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखालचा अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रापुरता कायद्यात बदल केला आणि विभागीय पातळीवर अपिलाची सोय केली. केंद्राचा कायदा राज्यपाल असा बदलू शकतात हे पुष्कळ वकिलांनाही ठाऊक नसतं. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळचे काही भाग आणि मेळघाट अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे हा दरवाजा आपल्यासाठी आहे.

पन्नीतल्या खरेदीखताचा प्रश्नही असाच कायद्याच्या थरावर होता, आणि तो सुटलेला आहे. दिवाणी न्यायालयात नोंदणी झालेलं खरेदीखत "हे खरं गहाण होतं" म्हणून खोडून काढणं फार कठीण. लेखी दस्तापुढे तोंडी करार टिकत नाही. सावकारांना हे पक्कं माहीत असतं, म्हणूनच ते गहाणखत न करता खरेदीखत करतात. १९४६ चा जुना सावकारी कायदा याला पुरा पडत नव्हता. नवं विधेयक विधिमंडळात मंजूर होऊनही राष्ट्रपतींच्या संमतीसाठी काही वर्षं अडकलं. अखेर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मध्ये आला. त्याच्या कलम १८ प्रमाणे, सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून गेलेली स्थावर मालमत्ता विक्री, गहाण, भाडेपट्टा कोणत्याही नावाने गेलेली असली, तरी सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक चौकशी करून तो दस्त अवैध ठरवू शकतात आणि वावर परत द्यायचा आदेश देऊ शकतात. अर्जाच्या मागच्या १५ वर्षांतले व्यवहार त्यात येतात. बिनपरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

तिचा अर्ज आम्ही याच कलमाखाली केला. नवरा सासऱ्याआधी गेला असला तरी मयत मुलाची विधवा म्हणून ती हिंदू वारसा कायद्यात सासऱ्याची पहिल्या वर्गाची वारस आहे. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. घरात तिला कोणीही असं कधी सांगितलं नव्हतं.

देसाईगंजची मुलगी

नियम बदलून घेण्याचा विषय निघाला की मला विदर्भातलंच एक प्रकरण आठवतं. देशभरच्या विधी महाविद्यालयांत ते शिकवतात, तिच्या नावानेच ओळखतात. ते नाव मी लिहीत नाही. का ते पुढे येईल.

मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आज गडचिरोलीत असलेलं देसाईगंज, आपण ज्याला वडसा म्हणतो. आईबाप नसलेली, मजुरी करणारी एक अल्पवयीन आदिवासी मुलगी. भावाने केलेल्या तक्रारीमुळे तिला रात्री पोलीस ठाण्यात आणलं होतं. बाकीच्यांना बाहेर पाठवलं, तिला आत थांबवलं, आणि ठाण्यातच तिच्यावर पोलिसाने अत्याचार केला.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडलं. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. खंडपीठाचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की असहाय होऊन शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आरोपींना सोडलं. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, या गोष्टीला तिथे मोठं वजन मिळालं.

खटला संपला. अपील नाही, पुढचं न्यायालय नाही. वकिलाच्या दृष्टीने फाइल बंद.

सप्टेंबर १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. चौघांपैकी कोणीही या खटल्यात वकील नव्हतं. निकालाचे मुद्दे धरून त्यांनी विचारलं, की ठाण्याचं दार लावलेलं असताना, समोर वर्दी असताना, गरीब आदिवासी मुलीने कोणता प्रतिकार करायला हवा होता? ते पत्र गावोगावच्या महिला संघटनांनी उचललं, मोर्चे निघाले. निकाल बदलला नाही. सरकारने मात्र विषय विधी आयोगाकडे दिला, एप्रिल १९८० मध्ये आयोगाचा ८४ वा अहवाल आला, आणि १९८३ मध्ये संसदेने फौजदारी कायदा दुरुस्त केला.

त्या दुरुस्तीतल्या दोन गोष्टी सांगते. एक, पोलीस किंवा दुसऱ्या अधिकाराच्या कोठडीतला अत्याचार असेल, संबंध सिद्ध झाला असेल आणि स्त्रीने न्यायालयात "माझी संमती नव्हती" असं सांगितलं, तर न्यायालय संमती नव्हती असंच गृहीत धरेल. सिद्ध करण्याचं ओझं तिच्या खांद्यावरून आरोपीवर गेलं. दुसरी, पीडितेची ओळख छापण्यावर बंदी आली. आज या तरतुदी नव्या भारतीय न्याय संहितेत आणि साक्ष अधिनियमात आहेत. तिच्यामुळे देशातल्या प्रत्येक पीडितेचं नाव झाकलं गेलं, आणि तिचं एकटीचं उघडं राहिलं. म्हणून मी ते लिहीत नाही.

खुद्द तिला या सगळ्यातून काही मिळालं नाही. ज्या व्यक्तीची नड घेऊन आपण सरकारकडे जातो, तिला त्या बदलाचा फायदा होईलच असं नसतं. पक्षकाराला हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवं आणि तिने नको म्हटलं तर तिचं प्रकरण वापरू नये. मी तरी वापरत नाही.

निवेदनात काय असावं

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, १९५३ च्या नागपूर कराराची ती देणगी. त्या दिवसांत यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवले जातात, शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटून निवेदन देतं. मोर्चाने प्रश्न दिसतो, आणि विदर्भातल्या माणसाला मुंबईपेक्षा नागपूर जवळ आहे, म्हणून तो हवाच. पण निवेदन पुढे जातं कुठे? मंत्रालयात, संबंधित विभागाच्या कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर. तो त्यावर टिपणी लिहितो. "न्याय द्यावा ही नम्र विनंती" यावर त्याने लिहायचं तरी काय? त्याला सांगावं लागतं, की अमुक तारखेच्या शासन निर्णयातल्या अमुक परिच्छेदात आज हे शब्द आहेत, त्याऐवजी हे हवेत, आणि कारण हे.

मदतीच्या निर्णयाबाबत माझी मागणी अशी आहे: जिथे "परवानाधारक सावकार" असे शब्द आहेत, तिथे पुढे "किंवा २०१४ च्या सावकारी कायद्याखालील चौकशीत अवैध सावकारी करणारी ठरलेली व्यक्ती" एवढं जोडावं. सहकार खात्याचा अधिकारी चौकशी करून आदेशात लिहितो की कर्ज होतं, सावकार अवैध होता. तोच आदेश महसूल खात्याच्या समितीपुढे ठेवला तरी तिथल्या मोजपट्टीत त्याला जागा नाही. सरकारच्या एका खात्याला दिसलेलं कर्ज दुसऱ्या खात्याला दिसावं, एवढीच ही मागणी. कायदा बदलायला नको, विधेयक नको. जीआरची एक ओळ.

कारण मांडायचं तर पुरावा लागतो, आणि एका बाईच्या अश्रूंना टिपणीत "वैयक्तिक प्रकरण" असं म्हणून बाजूला ठेवता येतं. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ महिलांची पाहणी केली. वावर नावावर आहे का, घर आहे का, मदत मिळाली का, असे साधे प्रश्न. त्यानंतरच्या पाठपुराव्यातून जून २०१९ मध्ये या महिलांच्या प्रश्नांवर शासन निर्णय निघाला. तालुक्याच्या पातळीवर आपणही हे करू शकतो. माहिती अधिकारात अर्ज करून आपल्या तालुक्यातली अपात्र प्रकरणं आणि प्रत्येकाचं कारण मागवायचं. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विधी स्वयंसेवक गावात जातातच, त्यांनी अपात्रतेचं पत्र आलेल्या घरांची वही ठेवायची.

मग ते पाठवायचं कुठे? विभागाच्या सचिवांकडे तर पाठवायचंच. आमदाराकडून तारांकित प्रश्न विचारून घेता येतो. त्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि ते छापलं जातं. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे. केंद्राचा कायदा असेल तर २०१४ च्या धोरणाप्रमाणे मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो. तो इंग्रजीत, संकेतस्थळावर येतो आणि आर्णी-घाटंजीच्या माणसाला कळेपर्यंत मुदत संपते. मराठी मसुदा तहसील आणि ग्रामपंचायतीत लावला पाहिजे, ही मागणी प्रत्येक निवेदनात जोडावी असं मला वाटतं.

आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण? त्याचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. ते सरकारच्या धोरणाविरुद्ध मोहीम चालवू शकत नाहीत, चालवूही नये. उद्या तोच विषय त्यांच्यापुढे निवाड्याला येईल. पण कोणत्या नियमामुळे किती जणींना परत पाठवावं लागलं, ही माहिती प्राधिकरणाच्या नोंदीत असते, आणि ती राज्य प्राधिकरणाकडे नियमित, विषयवार गेली पाहिजे. आज वर जातात ते बहुतेक आकडेच: किती शिबिरं, किती लाभार्थी. किती जणींना आपण मदत करू शकलो नाही आणि का, याचा रकाना तक्त्यात मला तरी भेटलेला नाही. तो हवा, असं मी आमच्या समितीला लेखी दिलं आहे.

तुमच्या गावात कोणाकडे अपात्रतेचं पत्र पडून असेल तर दोन गोष्टी लगेच करा: निर्णयाची कारणांसह प्रत तहसीलमधून मागून घ्या, आणि खरेदीखत झालेलं असेल तर त्याची तारीख बघा, १५ वर्षांची मुदत त्यावरून मोजायची आहे. तालुका न्यायालयात समितीची खोली आहेच, आणि १५१०० हा नालसाचा फोन नंबर आहे.

तिच्या सावकारीच्या अर्जाची पहिली पेशी झाली. समोरच्या वकिलाने मुदत मागितली, मिळाली. गावातले दोन कास्तकार साक्षीला तयार झाले आहेत. त्यांच्यासमोर पैसे मोजले गेले होते. आदेश लागला तर त्याच्या दोन नकला काढायच्या आहेत. एक फेरफारासाठी पटवाऱ्याकडे जाईल. दुसरी, तिने हो म्हटलं आहे, निवेदनाला परिशिष्ट म्हणून मुंबईला.